भूगोलाचा पेपर न देता भूगोलाचे गुण!

गंमत सांगू? २०२० साली आपल्या महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना भूगोलाचा पेपर न देताच भूगोलाचे गुण मिळाले!

थाप नाही, अगदी खरं!

झालं असं, की मार्च महिना होता. मराठी झालं, इंग्रजी झालं, गणित झालं, विज्ञान झालं. उरला होता एकटा भूगोल, २३ मार्चला. मुलं नकाशे भरून भरून कंटाळली होती. एक पेपर, की सुट्टी! आणि नेमका तेव्हाच कोरोना आला. पेपर आधी पुढे ढकलला गेला. मग रद्दच झाला.

आता परीक्षा मंडळापुढे मोठा पेच! गुणपत्रिकेत भूगोलाच्या ४० गुणांचं काय करायचं? शून्य द्यायचं? छे, मुलांचा काय दोष! सगळ्यांना ४० पैकी ४०? तेही बरोबर नाही. मग मंडळाने एक युक्ती केली. बाकीच्या लेखी पेपरांत तुला जसे गुण पडले, त्यांची सरासरी काढायची आणि त्याच प्रमाणात भूगोलाचे गुण द्यायचे.

म्हणजे बघ हं. ज्याला भूगोल जाम आवडायचा पण जो इंग्रजीत अडखळायचा, तो बिचारा हळहळला असणार. आणि ज्याला अक्षांश कुठले, रेखांश कुठले हेच आठवत नव्हतं, तो गालातल्या गालात हसला असणार!

हा सगळा सरासरीचा खेळ. पण ही तर साधी सरासरी. तिची एक मोठी बहीण आहे. ती जास्त हुशार आहे आणि जरा खट्याळही. दहावी-बारावीच्या निकालात, कॉलेजच्या प्रवेशात, जिकडेतिकडे तीच लपलेली असते. चल, तिला शोधू या!

त्यासाठी आपण जाऊ नागपूरच्या सदरमध्ये. सदर म्हणजे शाळांचा गजबजलेला भाग. बिशप कॉटन इथली, सेंट फ्रान्सिस डी सेल्स इथली. शाळा सुटली की रेसिडेन्सी रोडवर सायकली, रिक्षा, स्कूल व्हॅन यांची ही गर्दी! पण आपल्याला आत्ता शाळेत नाही जायचं. आपल्याला जायचंय मंगळवारी नावाच्या बाजारात, संत्री घ्यायला!

समज, आईने तुला दहा किलो संत्री आणायला पाठवलं. घरी पाहुणे येणार आहेत. बाजारात दोन ढीग आहेत. एक साधा, ४० रुपये किलो. दुसरा निवडक, मोठ्ठाली चकचकीत फळं, १०० रुपये किलो.

तू शहाणपणा केलास. साधी घेतलीस ९ किलो आणि निवडक घेतलीस फक्त १ किलो. पाहुण्यांसमोर ठेवायला!

घरी आल्यावर आई विचारते, "काय रे, सरासरी कशी पडली किलोमागे?"

पटकन तोंडात काय येतं? ४० आणि १०० यांची बेरीज १४०. भागिले २. सत्तर रुपये!

आता थांब. खिशातले पैसे मोज. साध्या संत्र्यांचे ९ गुणिले ४०, म्हणजे ३६० रुपये. निवडक १ किलोचे १०० रुपये. एकूण ४६०. किलो किती? १०. म्हणजे किलोमागे पडले ४६ रुपये.

सत्तर कुठे आणि सेहेचाळीस कुठे! आईला सत्तर सांगितलं असतंस, तर ती म्हणाली असती, "दुकानदाराने लुटलं न बाप्पा!" आणि बिचाऱ्या काकांनी काहीच केलं नव्हतं.

चूक कुठे झाली? आपण ४० ला आणि १०० ला सारखाच मान दिला. पण पिशवीत तर ९ किलो साधी आहेत! त्यांचं म्हणणं नऊ पट मोठ्याने ऐकायला हवं. निवडक संत्री एकच किलो, त्यांचा आवाज बारीक. म्हणून उत्तर ४० च्या जवळ सरकलं.

झालं! हीच ती मोठी बहीण. तिचं नाव भारित सरासरी. शाळेतले सर ज्याला भारांश म्हणतात आणि कॉलेजमधली ताई ज्याला वेटेज म्हणते, ते म्हणजे हे किलो. आणि भाव म्हणजे तुझे गुण. कृती तर इतकी सोपी, की शेंगदाणे खाता खाता करता येईल. प्रत्येक भावाला त्याच्या किलोने गुण. सगळ्यांची बेरीज कर. मग एकूण किलोने भाग. बस!

आणि हो, उत्तर तपासायची एक झटपट खूण सांगून ठेवते. भारित सरासरी नेहमी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मधेच येते. ४० आणि १०० च्या मधेच. १०५ आलं? किंवा ३२ आलं? म्हणजे कुठेतरी गडबड, परत मोज!

आता संत्री फ्रिजमध्ये ठेव आणि गुणपत्रिका काढ.

दहावीला मराठीचे १०० गुण असतात. ८० लेखी आणि २० तोंडी. तोंडी म्हणजे काय? बाई समोर बसवतात, वाचून घेतात, बोलायला लावतात. समज, तुला तोंडीत २० पैकी २० मिळाले. शंभर टक्के! लेखीत मात्र ८० पैकी ४०. म्हणजे पन्नास टक्के. आता तुझे टक्के किती?

शंभर आणि पन्नासच्या मधोमध, पंचाहत्तर?

नाही ना! ४० अधिक २०, म्हणजे ६०. लेखी ही तुझी आठ किलोची पिशवी आहे आणि तोंडी दोन किलोची. मोठ्या पिशवीनेच उत्तर आपल्याकडे ओढलं.

"मग तोंडीला काय अर्थ आहे?" असं म्हणतोस? अरे, ऐक तर खरं काय झालं ते!

२०१८ साली आपल्या राज्याचा दहावीचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्र या विषयांचे शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले. सगळे गुण लेखीचे! अभ्यासक्रमही नवा होता. आणि २०१९ चा निकाल किती लागला, ओळख बरं?

७७.१० टक्के! एकदम बारा टक्क्यांहून जास्त घसरला. राज्यभर हलकल्लोळ. पालक काळजीत, शिक्षक काळजीत. मग सरकारने ते २० गुण परत आणले. आणि २०२० चा निकाल? ९५.३० टक्के!

मुलं तीच. म्हणजे तशीच, आपल्यासारखी. एका वर्षात महाराष्ट्रातली सगळी मुलं अचानक ढ झाली आणि पुढच्या वर्षी अचानक हुशार झाली, असं थोडंच असतं? बदलले ते मुख्यतः पिशव्यांचे किलो. मला विचारशील, तर निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात "यंदा निकाल वाढला", "यंदा घसरला" असे मथळे आले, की आधी हेच बघावं. यंदा भार कुणाचा किती होता?

आता सगळ्यात भारी गोष्ट. २०२१!

त्या वर्षी भूगोल तर सोडच, अख्खी दहावीची परीक्षाच रद्द झाली. एकही पेपर नाही! सुमारे पावणेसोळा लाख मुलं राज्यभर घरी बसलेली. आता सरासरी काढायची तर कशाची? पेपरच नाहीत!

मग एक सूत्र ठरलं. १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून. ३० गुण दहावीत वर्षभर शाळेने घेतलेल्या लेखी चाचण्यांवरून. आणि २० गुण गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांवरून.

वाचलंस नीट? नववीला ५०! अर्धा भार नववीला!

आता खरं सांग, नववीला कोण विचारतं? आजी विचारते, "दहावी कधी?" शेजारचे काका विचारतात, "दहावी कधी?" नववी म्हणजे जणू दहावीच्या दारातली पायरी. चप्पल काढायची आणि आत जायचं. आणि त्या पायरीलाच अर्धे गुण! गंमत म्हणजे हे ठरलं तेव्हा त्या मुलांची नववी संपून वर्ष उलटलं होतं. ती काही परत जाऊन अभ्यास करू शकत नव्हती. त्यातून त्यांच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही कोरोनामुळे झालीच नव्हती. म्हणजे नववीच्या पहिल्या सत्रात एखाद्या दिवशी ज्याने कंटाळा केला, तो कंटाळा थेट दहावीच्या गुणपत्रिकेत येऊन बसला!

चल, दोघींचं गणित करू. समज, सदरच्या एका शाळेत दोघी एकाच बेंचवर बसतात. विषय गणित.

पहिलीला नववीत ७० टक्के होते. दहावीच्या चाचण्यांत ९० टक्के. गृहपाठ-प्रात्यक्षिकात १०० टक्के. बघ, कशी चढत गेली!

दुसरीला नववीत ९० टक्के. दहावीच्या चाचण्यांत ७०. गृहपाठ-प्रात्यक्षिकात तिलाही १००.

दोघींचे आकडे तेच ना? ७०, ९०, १००. साधी सरासरी काढलीस तर दोघी अगदी बरोबरीत. ८६ च्या थोडं वर.

आता पिशव्या लाव. पहिलीचे ५० पैकी ३५, ३० पैकी २७, २० पैकी २०. एकूण ८२. दुसरीचे ५० पैकी ४५, ३० पैकी २१, २० पैकी २०. एकूण ८६.

चार गुणांचा फरक! तेच तीन आकडे, फक्त जागा बदलल्या. कुठला आकडा कुठल्या पिशवीत पडला, यावर सगळं ठरलं.

माझं मन पहिलीकडेच ओढतं, काय सांगू! वर्षभर ऑनलाइन वर्गात, नेट गेलं-आलं करत, तिने आपले गुण वाढवले. आणि सूत्राने तिला म्हटलं, "छान हं, पण आम्ही मागचं वर्षच जास्त मोजतो." दुसऱ्या बाजूने बघितलं, तर शाळा बंद असताना घेतलेल्या चाचण्यांपेक्षा शाळा चालू असतानाचे गुण जास्त भरवशाचे, हेही खरंच. भार किती द्यायचा, हे गणित सांगत नाही. ते माणसं ठरवतात. गणित फक्त ठरलेलं निमूट मोजतं.

तो निकाल १६ जुलै २०२१ ला लागला. ९९.९५ टक्के! म्हणजे दोन हजार मुलांत नापास जेमतेम एक!

आणि बारावीचं? त्यांच्या लेखी भागासाठी सूत्र होतं ३०, ३०, ४०. दहावीत ज्या तीन विषयांत सगळ्यात जास्त गुण, त्यांच्या सरासरीला ३०. अकरावीला ३०. बारावीतल्या वर्षभराच्या चाचण्यांना ४०. आता घरात कुणी मोठी ताई-दादा असेल तर त्यांना विचार, "अकरावी म्हणजे काय?" ते म्हणतील, "आरामाचं वर्ष!" दहावीत दमलो, बारावीत दमायचंय, मधे जरा टेकायचं. अन् त्या आरामाच्या वर्षालाच ३० टक्के भार! कितीजणांनी कपाळावर हात मारला असेल!

बरं, भार जास्त असू शकतो, कमी असू शकतो. पण भार शून्य असू शकतो का?

हो! आणि तोही दहावीतच. त्याचं नाव तू ऐकलंही असशील. बेस्ट ऑफ फाइव्ह! दहावीला मुख्य विषय सहा. टक्के काढताना त्यातले सगळ्यात जास्त गुणांचे पाच धरायचे. सहावा सोडून द्यायचा. म्हणजे त्या सहाव्या पिशवीचं वजन शून्य किलो!

करून बघू. समज, गुण आहेत ८२, ७८, ८५, ५४, ९० आणि ८१. सहाही धरले तर बेरीज ४७०. भागिले ६. टक्के ७८.३३. आता ते रुसलेले ५४ बाजूला ठेव. बेरीज उरली ४१६. भागिले ५. टक्के ८३.२०! एकही गुण न वाढता जवळजवळ पाच टक्के वाढले. जादू!

पण हं, त्या सहाव्या विषयात पास व्हावं लागतंच. भार शून्य म्हणजे विषयाला सुट्टी नव्हे! आपल्या राज्यात हे २०१० मध्ये सुरू झालं, तेव्हा यावरून केवढं भांडण झालं, माहितीये? पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला. मग प्रकरण गेलं थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात! तिथे बेस्ट ऑफ फाइव्ह जिंकलं. एका पिशवीचं वजन शून्य धरायचं की नाही, यासाठी देशाचं सगळ्यात मोठं कोर्ट बसलं. आहे की नाही भारी?

कुणी तुला सांगितलं, की सरासरी म्हणजे नुसती बेरीज-भागाकार, तर त्याला हा किस्सा सांग.

पुढे इंजिनीअरिंगला जायचं असेल, तर एमएचटी-सीईटी नावाची परीक्षा असते. तिथे भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचेही ५०. सगळे सारखे वाटले ना? पण भौतिक-रसायनच्या प्रश्नाला १ गुण आणि गणिताच्या प्रश्नाला २! समज, दोन मित्रांचे १५० पैकी बरोब्बर १०० प्रश्न बरोबर आले. एकाचे गणितात ४५, बाकी दोन्हीत मिळून ५५. त्याचे गुण ९० अधिक ५५, म्हणजे १४५. दुसऱ्याचे गणितात २५, बाकीत ७५. त्याचे ५० अधिक ७५, म्हणजे १२५. प्रश्न सारखे, गुणांत वीसचा फरक!

आता नकाशा काढ बरं. (भूगोलाचा पेपर रद्द झाला म्हणून काय झालं!) दहावीचं नागपूर विभागीय मंडळ सहा जिल्ह्यांचं मिळून आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. निकालाच्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याची टक्केवारी येते आणि खाली अख्ख्या विभागाची. ती कशी काढतात? सहा आकड्यांची बेरीज भागिले सहा?

आता तू फसणार नाहीस! बरोबर, आधी विचारायचं, कुठल्या जिल्ह्यातून किती मुलं बसली? नकाशावर गडचिरोली सहांत सगळ्यात मोठा. पण तिथे जंगल जास्त, वस्ती विरळ. नागपूर जिल्ह्यात मुलांची ही गर्दी! इथे नकाशाचा आकार चालत नाही, मुलांची संख्या चालते. समज, एका मोठ्या जिल्ह्यातून ५०,००० मुलं बसली आणि ९४ टक्के पास झाली. लहान जिल्ह्यातून १०,००० बसली आणि ८८ टक्के पास झाली. दोन्ही मिळून ९१ टक्के? अंहं. पास झाले ४७,००० अधिक ८,८००, म्हणजे ५५,८००. बसले ६०,०००. निकाल ९३ टक्के!

इथवर आलास, तर आता खरी डोकं गरगरवणारी गोष्ट सांगते. धरून बस!

सदरजवळच्या व्हीसीए क्रिकेट स्टेडियमच्या बाहेर तू आणि तुझा मित्र स्टंपवर थेट फेकीचा सराव करताय, असं समज. शनिवारी मित्राने १० चेंडू फेकले, दहाही लागले. १०० टक्के! तू ९० फेकलेस, ८१ लागले. ९० टक्के. शनिवार मित्राचा.

रविवारी मित्राने ९० फेकले, ४५ लागले. ५० टक्के. तू १० फेकलेस, ४ लागले. ४० टक्के. रविवारही मित्राचा!

तो नाचतोय. "दोन्ही दिवस मी जिंकलो बे!"

तू शांतपणे वही काढ. दोघांनी दोन दिवसांत शंभर-शंभर चेंडू फेकले. त्याचे लागले १० अधिक ४५, म्हणजे ५५. तुझे लागले ८१ अधिक ४, म्हणजे ८५!

काय?! तो दोन्ही दिवस पुढे आणि एकूण मात्र तू पुढे? तेही तीसने?

हो! पुन्हा मोजून बघ, एकही आकडा खोटा नाही. गुपित पिशव्यांत आहे. तुझे चेंडू जास्त पडले ते चांगल्या दिवशी. त्याचे जास्त पडले ते वाईट दिवशी. दोघांचे किलोच वेगळे! मोठमोठी माणसंही इथे गडबडतात. या गमतीला म्हणतात सिम्पसनचा विरोधाभास. एडवर्ड सिम्पसन नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये यावर लिहिलं, म्हणून ते नाव. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उलगडायचं काम करायचे. हेरगिरीतून सरासरीकडे! आकड्यांत लपलेलं शोधायची सवयच लागली असणार त्यांना.

सरासरीची आणखी एक गंमत अमेरिकेत. न्यू जर्सीला कुणाचा चुलत भाऊ असतोच! तो फोनवर म्हणाला, "माझा जीपीए साडेचार आला, चारपैकी", तर त्याला वेड्यात काढू नकोस. जीपीए म्हणजे श्रेणींच्या गुणांची सरासरी. तिथे ए श्रेणीला ४ गुण, बी ला ३, असं चालतं. पण बऱ्याच शाळांत अवघड विषय घेतला, की त्यातल्या ए ला ४ ऐवजी ५ धरतात. मग दोन अवघड विषयांत ५ आणि ५, दोन साध्यांत ४ आणि ४. बेरीज १८, भागिले ४. साडेचार! आपली खूण आठवते? सरासरी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जात नाही. इथेही गेली नाही. मोठा आकडा ४ नव्हताच मुळी, ५ होता!

आणि नागपूर विद्यापीठात किंवा आपल्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंगच्या संस्थेत शिकणाऱ्या ताईला विचार, तिचा सीजीपीए कसा निघतो. तिथे किलोला म्हणतात क्रेडिट. ४ क्रेडिटच्या विषयात ९ आणि १ क्रेडिटच्या विषयात ६ मिळाले, तर मधोमध साडेसात नाही येत. ३६ अधिक ६, भागिले ५. उत्तर ८.४! ताई म्हणते ना, "तो विषय एकाच क्रेडिटचा आहे, जाऊ दे"? आता तुला कळलं, ती का निवांत असते!

आता शेवटची, पण सगळ्यात कामाची युक्ती. उलटं गणित!

आपण एरवी परीक्षा झाल्यावर सरासरी काढतो. ती आधीच काढली तर? समज, हिंदीच्या तोंडीत तुला २० पैकी १८ मिळाले. तुला एकूण ८५ हवेत. मग लेखीत किती लागतील? ८५ वजा १८, म्हणजे ६७. ते ८० पैकी हवेत. ६७ भागिले ८०, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. बघ, परीक्षेच्या आधीच कळलं, कंबर किती कसायची! आणि समज, तुला हवेत ९९. मग ९९ वजा १८, म्हणजे ८१. ८० पैकी ८१? बाप रे! म्हणजे आता ते शक्यच नाही. उगाच झुरू नकोस, छान झोप काढ.

तर उद्या शाळेत गेलास की एवढं कर. वर्गशिक्षिकांना विचार, "बाई, सत्र परीक्षेला किती भार, घटक चाचणीला किती, वहीला किती?" उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव आणि तुझे गुण पिशव्यांत भरत जा.

आणि हे कोडं घरी सोडव. विज्ञानात प्रात्यक्षिकाचे २० पैकी १७ मिळाले. एकूण ९० हवेत. लेखीच्या ८० पैकी किती टक्के मिळवायला लागतील? उत्तर ९१.२५ आलं असेल, तर जमलं तुला!